चार नंबरचं मशीन आणि निकममामा

भर मे महिना, दुपारचा एक वाजलेला. खिडक्या बंद, कूलर बंद. खोलीत बारा कॉम्प्युटर आणि त्यातल्या प्रत्येकाच्या डब्यावर एकेक गोधडी पांघरलेली. मधोमध स्टुलावर बनियन घालून बसलेला साठीचा एक माणूस, मांडीवर वही. मी दार उघडलं आणि ओरडलेच, "मामा, अहो डोकं फिरलं का तुमचं?"

"बाई, आधी दार लावा," ते म्हणाले. "गार हवा यायलीय."

बाहेर ऊन असं होतं की औरंगपुऱ्यात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि या गृहस्थांना माझ्या मागून गार हवा येत होती! मी कपाळाला हात लावला आणि दार लावून घेतलं. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

हे आमचे निकममामा. रंगनाथ निकम, गाव पिशोर, शिक्षण सातवी. औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी तिथं मराठी टायपिंग शिकवायचे. मालक कुलकर्णी सर, सज्जन आणि भित्रे, दोन्ही सारख्याच प्रमाणात. आणि मामा म्हणजे मशीनवाले. टाइपरायटरची रिबन, स्प्रिंगा, अडकलेली अक्षरं हे सगळं त्यांचं खातं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक जुना टूथब्रश आणि एक खोडरबर असायचं. ब्रशनं अक्षरातली शाई काढायची. खोडरबर कशाला ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही, विचारलं तर म्हणायचे, "लागतंय."

त्यांचं सगळं लक्ष एका गोष्टीवर असायचं. बोट पडलं की अक्षर उठलं पाहिजे. जरासुद्धा उशीर त्यांना खपत नसे. पोरं टाइप करत असताना हे पाठीमागं हात बांधून खोलीत फिरायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "सात नंबरचा 'क' आळशी झालाय." चाळीस मशीनं एकदम खडखडत असताना यांना सात नंबरचा 'क' ऐकू यायचा. मला आधी वाटलं थापा मारतात. मी एकदा जाऊन बघितलं, खरंच आळशी झाला होता.

मग सरकारनं ठरवलं, टाइपरायटर बंद, यापुढं परीक्षा कॉम्प्युटरवर. तीच दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी, गल्लीत टँकर आला की बायकांची पळापळ. आणि तिकडं बीड बायपासला, सातारा परिसरात, जिथं बोअरला पाणी नाही तिथं बिल्डिंगीवर बिल्डिंगी. शहर वाढत होतं आणि आटतही होतं. आमची मशीनं भंगारवाला घेऊन गेला तेव्हा मामा जिन्यात उभे होते. एक मराठी टाइपरायटर तेवढा त्यांनी अडवून ठेवला. "हे कोपऱ्यात ऱ्हाऊ द्या सर. जागा किती खातंय?" कुलकर्णी सर नाही म्हणू शकले नाहीत. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता मामा पिशोरला जाणार.

कुठले जातात! पैठण गेटच्या फारूकभाईकडून इकडचे तिकडचे सुटे भाग जमवून बारा कॉम्प्युटर जोडले गेले, आणि आठ दिवसांनी मामा माझ्यासमोर एक इंग्रजी पुस्तिका घेऊन बसले. "बाई, वाचा. पण मराठीत वाचा."

मी एम.ए. मराठी. त्या पुस्तिकेतलं मला शष्प कळत नव्हतं. तरी वाचत गेले आणि मामा डोळे मिटून ऐकत गेले. कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्टीला, म्हणजे रॅमला, एखादी गोष्ट विचारली की तिला उत्तर द्यायला ठरावीक वेळ लागतो. तो वेळ आकड्यांत लावून ठेवलेला असतो, नऊ-नऊ-नऊ-चोवीस असा. आणि तो बदलता येतो, असं काहीसं त्यात होतं. मामांनी डोळे उघडले.

"म्हंजी हाक मारल्यावर ओ द्यायचा टाइम."

"असंच असावं."

"नऊ मोजायचे, मंग उत्तर घ्यायचं. आन् सातलाच घेतलं तर?"

"तर लवकर मिळेल."

"पट्टी तयार आसंल तर," मामा म्हणाले. "नसंल तर कायबी सांगंल."

एवढं त्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं, हे लक्षात ठेवा. कारण पुढं जे झालं ते न कळून झालं नाही.

इंग्रजी वाक्य त्यांना येत नव्हतं. कॉम्प्युटर सुरू होता होता एक बटण दाबून जो निळा पडदा उघडायचा, त्याची त्यांनी वहीत मराठीत वाट लिहून घेतली: 'उजवीकडं तीन, खाली पाच, मग वरून दुसरी ओळ.' आकडा चुकला की मशीन मेल्यागत काळं पडायचं. मग मामा शांतपणे डबा उघडून आतली बटणाएवढी बॅटरी काढायचे, भाकरी खाऊन यायचे आणि परत लावायचे. मशीन सगळं विसरून पुन्हा शहाण्यासारखं सुरू व्हायचं. खोडरबराचाही उलगडा झाला. रॅमच्या पट्टीचे पिवळे दात ते त्यानं घासायचे आणि म्हणायचे, "तोंड धुतल्याबिगर कोण नीट बोलतंय?" फारूकभाईच्या दुकानात पट्ट्या घ्यायला गेले तर दहा-दहा पट्ट्या हातात घेऊन, दाबून, उजेडात धरून बघायचे. फारूकभाई वैतागून म्हणायचा, "मामा, रॅम है ये, आम नक्को समझो. कित्ता दबा के देखते?"

त्या डिसेंबरात मामांनी बाराच्या बारा मशीनं सातवर आणली. नऊचं सात केलं. कशासाठी? तर बोट पडलं की अक्षर उठलं पाहिजे! मला विचाराल तर काडीचा फरक पडला नव्हता. पण मामा प्रत्येक पोराला विचारत फिरले, "आता कसं उठतंय?" आणि पोरं बिचारी म्हणाली, "लई भारी, मामा." खरं तर त्यांनी एक नंबरचं मशीन तेवढं नीट तपासलं होतं. मेमरी तपासायचा एक प्रोग्राम असतो, तो दिवसभर चालवून चुका मोजायच्या. एक नंबरला एकही चूक आली नाही. मग तेच आकडे बाकीच्या अकरांना लावून दिले. अकरा मशीनं, फारूकभाईनं अकरा ठिकाणांहून जमवलेल्या पट्ट्या, आणि थंडीचे दिवस. चाळीस टाइपरायटरांतलं एकही दुसऱ्यासारखं नसतं हे ज्यानं आयुष्यभर सांगितलं, त्यानंच हे करावं! माणूस खूश झाला की अक्कल गहाण टाकतो, दुसरं काय.

मे महिन्यात परीक्षा आली. आमचं केंद्रच होतं. त्या परीक्षेला सुनंदा बसली होती.

सुनंदा देवगाव रंगारीची. नवरा सरकारी कचेरीत होता, तो अचानक गेला आणि त्याच्या जागी हिला अनुकंपावर घेतलं. पण अट होती, दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायचं, नाही तर नोकरी गेली. घरी दोन लेकरं आणि सासू. रोज एस.टी.नं यायची, कचेरी करायची आणि संध्याकाळी तासभर आमच्याकडं बसायची. कचेरीत तिला गावोगावच्या टँकरच्या मंजुरीची पत्रं टाइप करायला द्यायचे आणि ती दोन बोटांनी करते म्हणून हसायचे. आमच्याकडं येऊन ती दहा बोटांवर आली. मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते. एकदा हळू आवाजात मला म्हणाली, "बाई, हे गेलं तर मला दुसरं काय येतंय?" मी रागावून म्हटलं, "आधी अंगठा स्पेसवर ठेव."

तर परीक्षा. त्या दिवशी टँकर आला नव्हता, म्हणून कूलरला पाणी नव्हतं. कोरडे पंखे गरम हवा फेकत होते. सुनंदा चार नंबरवर बसली होती. उतारा सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला चार नंबर थांबलं. पडदा जागच्या जागी गोठला. सुनंदा बोटं तशीच धरून बसली, ती उचलली तर नोकरी जाईल अशी. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला आजही नकोसं होतं.

बाकीच्यांची वेळ संपल्यावर बाहेरून आलेले परीक्षक तिच्या फॉर्मवर 'अपूर्ण' लिहायला लागले. मी भांडले. ते म्हणाले, "मशीनचा दोष असेल तर केंद्रानं तसं लेखी द्या, फेरपरीक्षा होईल. पण मग तुमच्या केंद्राचं काय होईल ते मी सांगू शकत नाही." झालं, कुलकर्णी सरांना घाम फुटला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "लाइट गेली असं लिहू या का? लाइट काय, जातेच."

आमच्याकडं सगळ्या पापांचा धनी लाइट. पण मामा मागंच उभे होते.

"सर, लाइट व्हती. अकरा मशीनं चालू हायती. लाइटीचं नाव कामून घ्यायचं?"

"अहो निकम, केंद्र जाईल!"

"तिची नोकरी जाईल."

एवढं बोलून ते कोपऱ्यातल्या त्या जुन्या टाइपरायटरपाशी गेले, फडकं काढलं, कागद चढवला आणि टाइप करायला बसले. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते, पण टाइप करताना कधी पाहिलं नव्हतं. दहाही बोटं, नजर भिंतीवर. खोली सगळी थांबून ऐकत होती. एकाही अक्षराची खाडाखोड न करता त्यांनी चार ओळी लिहिल्या: 'यंत्र क्रमांक चारची मेमरी मी चुकीची लावली. थंडीत तपासली, उन्हाळ्यात तपासली नाही. परीक्षार्थी बाईंचा दोष नाही. रंगनाथ निकम.' खाली सही केली आणि कागद परीक्षकांच्या हातात दिला. परीक्षकांनी दोनदा वाचला. म्हणाले, "असं कुणी लिहून देत नाही हो." मामा म्हणाले, "आता दिलं की."

मग सुनंदाजवळ गेले. एवढा उंच माणूस तिच्यासमोर खाली मान घालून उभा राहिला. "पोरी, चूक माझी हाय." ती पदरानं कीबोर्ड पुसत बसली. मामांना मी त्या दिवशी जेवताना पाहिलं नाही.

पत्र आलं. फेरपरीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याच केंद्रावर, त्याच बैठक क्रमांकावर, म्हणजे चार नंबरवरच. या वेळी एक जरी मशीन अडलं तरी केंद्र रद्द. आणि सुनंदाची मुदत त्यानंतर लगेच संपत होती, म्हणजे हीच शेवटची संधी. मधे तीन आठवडे.

तेव्हापासून त्या गोधड्या आल्या. पिशोरहून, मामांच्या बायकोनं शिवलेल्या, एकीवर तर मोर होते. मामांनी एकेक पट्टी सुटी काढली, एकेक लावली, ती परीक्षेच्या दिवसासारखी तापावी म्हणून वर गोधडी घातली आणि दिवसभर मेमरी तपासायचा प्रोग्राम चालवला. चूक आली की आकडा एकानं वाढवायचा, परत पहिल्यापासून. जिला सात झेपलं तिला सात, जिला नऊ तिला नऊ. आणि जिथं चुका थांबल्या तिथं न थांबता वर आणखी एक घर ढिलं सोडायचं. चार नंबरची पट्टी अकरावर जाऊन शांत झाली. मधे एकदा टँकर आला, मी कूलरमध्ये पाणी ओतायला गेले, तर माझ्या हातातली कळशी काढून घेतली. "ते पोरांना प्यायला ठेवा. कूलर लावून तपासलं तर ती कूलरची परीक्षा झाली."

कुलकर्णी सर म्हणाले, "निकम, चार नंबरच्या जागी एखादं नवं कोरं मशीन आणू या ना भाड्यानं."

"नवं मला वळखत नाय, मी त्याला वळखत नाय. याच्या सगळ्या खोडी आता पाठ झाल्यात."

त्याच दिवसांत बायपासकडच्या एका बिल्डरचं बोलावणं आलं. ऑफिसातला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला फ्लॅटची चित्रं दाखवता दाखवता बंद पडतो, निकममामा, जरा फास्ट करून द्या. मामा दुपारी गेले आणि एक घर ढिलं करून आले. बिल्डरचा फोन, "मामा, फास्ट सांगितलं होतं, तुम्ही तर स्लो केलं!" मामांनी शांतपणे विचारलं, "बंद पडायलंय का?" "नाही." "मंग गिऱ्हाइकाला चित्र दाखवा की. बिल्डिंगीला दोन वर्षं थांबतंय, चित्राला थांबना व्हय?" मी इतकी हसले की शिकवणीची पोरं उठून बघायला आली.

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. पाऊस नव्हताच. सुनंदा आली ती तळहात लपवत. मी हात ओढून बघितले, तर दोन्हीकडं दोराचे वळ आणि फोड. पहाटे गावात विहिरीवर टँकर रिकामा केला होता, सासूला ओढवत नव्हतं, हिनं पोहरे ओढले होते. "आजच ओढायचे होते का गं?" मी जवळजवळ रडकुंडीला आले. "पाणी आजच आलं बाई," ती म्हणाली. मामा धावत गेले आणि तेलाची बाटली घेऊन आले. मशीनच्या तेलाची! "मामा, ती माणूस आहे!" मी ओरडले आणि पर्समधलं व्हॅसलीन काढलं.

तिला चार नंबरवर बसायचं नव्हतं. दारात पाय अडले. मामा म्हणाले, "हे बघ. हाताचं मला काय कळत नाय. पण चार नंबर आज थांबायचं नाय. थांबलं तर मी ह्याच जिन्यानं पिशोरला जाईन, परत मशीनला हात लावणार नाय." थट्टा नव्हती ती. ती गेली आणि बसली.

या वेळी आम्हाला कुणाला आत थांबायची परवानगी नव्हती. मामा जिन्यावर बसले, भिंतीला कान लावून. कॉम्प्युटरच्या कीबोर्डचा आवाज तो केवढा, आणि मधे विटांची भिंत. मला तर काही ऐकू येत नव्हतं. पण मामांचा चेहरा बघून मला आतलं सगळं कळत होतं. एकदा त्यांचे डोळे एकदम मोठे झाले, मी त्यांचा दंडच धरला. "काय झालं?" "थांबली," ते म्हणाले. "मशीन का ती?" त्यांनी हात वर केला. मग हळूच हसले. "तीच. हात पुसला आसंल. चालली परत."

वेळ संपली. सुनंदा बाहेर आली, केस घामानं चिकटलेले. "बाई, उतारा पुरा झाला. परत वाचायला टाइमबी उरला." मी तिला मिठीच मारली. मामा तिच्याकडं न बघता सरळ आत गेले आणि चार नंबरच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले. "तापलंय," म्हणाले. मग तिथंच स्टुलावर बसून ढसाढसा रडले. कुलकर्णी सरांनी त्यांच्यासाठी स्वतःच्या हातानं चहा आणला, ही आमच्याकडची ऐतिहासिक गोष्ट.

सुनंदा पास झाली. चांगल्या गुणांनी झाली. केंद्रही राहिलं. पुढं काही वर्षांनी कुलकर्णी सर थकले, इन्स्टिट्यूट बंद झाली, मामा गावी गेले, मी घरी बसले.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या मुलीच्या दाखल्यासाठी सुनंदाच्या कचेरीत गेले तेव्हा. पन्नासेक माणसांची रांग, उकाडा, आणि खिडकीच्या आत सुनंदा शांतपणे उभी. तिची खुर्ची बाजूला सरकवलेली, कॉम्प्युटरचा डबा उघडा आणि टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. "साहेबांना विचारलंय," ती सगळ्यांना सांगत होती. "दहा मिनिटं थांबा. मशीन सारखं अडायलंय, तुमचेच दाखले अर्धे राहायलेत."

रांगेतला एकजण भडकला. "इंजिनियर बोलवा ना! कोण हाय हा म्हातारा?"

पूर्वीची सुनंदा असती तर खाली बघितलं असतं. ही खिडकीपाशी आली. "नीट बोला. ह्या माणसानं माझ्यासाठी आपली चूक लिहून दिली, म्हणून मी हितं उभी हाय. ही नोकरी त्यांची हाय."

टेबलाखालचे पाय हलले. मामा बाहेर आले, केसांत जाळी, हातात टूथब्रश. मला त्यांनी बघितलंच नाही. त्या रांगेतल्या माणसाकडं वळून, चांगले चिडून म्हणाले, "तिचं ऐकू नका. माझं फक्त मशीन व्हतं. बोटं तिची व्हती."

आणि परत टेबलाखाली शिरले.